चार नंबरची पिशवी

मर्ना टोनिनीचा नवरा रॉय वाइनची पिंपं विकणाऱ्या एका बाईबरोबर ओरेगॉनला निघून गेला, तेव्हा आम्ही तिला धीर द्यायला गेलो होतो. फर्न हॅलोरननं सफरचंदाचा केक करून नेला होता. मी काहीच नेलं नव्हतं, मी बातमी ऐकायला गेलो होतो. मर्नानं केक कापला, सगळ्यांना वाढला, पहिला घास घेतला आणि म्हणाली, "दालचिनी जुनी आहे, फर्न." मग बऱ्याच वेळानं रॉयचा विषय निघाला, तर म्हणाली, "त्या बाईची पिंपं मात्र चांगली होती."

अशी बाई. लोक तिला फटकळ म्हणायचे. मला ते पटत नाही. फटकळ माणसाला दुसऱ्याला टोचण्यात मजा येते. ती मजा मला येते, म्हणून मला फरक कळतो. मर्नाला खोटं बोलता यायचंच नाही, काहींना शीळ घालता येत नाही तसं.

एकतीस वर्षं ती पॅसो रोब्लेसच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका मोठ्या वाइनरीत चव देण्याच्या काउंटरमागे उभी होती. वाइनरीचं नाव सांगत नाही. मालक अजून जिवंत आहेत आणि त्यांचा वकीलही. शनिवार-रविवारी लॉस एंजेलिसहून गाड्या यायच्या, नवऱ्या मुलीच्या मैत्रिणी डोक्याला पिसं लावून यायच्या, आणि मर्ना एकेकीच्या ग्लासात दोन बोटं सिरा, दोन बोटं ग्रनाश ओतायची. "तुमच्याकडे गोड काही नाही का?" असं कुणी विचारलं की सांगायची, "आहे ना. रस्ता ओलांडा, आइस्क्रीमचं दुकान आहे." एकदा भर गर्दीत तिनं मालकांच्या हातातली बाटली काढून घेतली. "ही नका देऊ. बुचानं बिघडलीय. भिजलेल्या कुत्र्याचा वास येतोय." मालक आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी बुचांची अख्खी खेप परत गेली. तेव्हापासून नवीन बाटली फोडली की मालक ती आधी मर्नाच्या नाकाखाली धरायचे.

दुसऱ्यांची वाइन एकतीस वर्षं ओतल्यावर माणसाला आपली असावीशी वाटणारच. मर्नाला वाटली ती साठीला टेकल्यावर. तिचा धाकटा भाऊ ड्वेन, त्याच्या घरामागे चार एकर उतार पडून होता. पूर्वी तिथे गुरांसाठी ओट पेरायचे. "लाव तुला काय लावायचं ते," ड्वेन म्हणाला. "पण ताई, मला पुढेमागे तिथे घोड्यांचे तबेले बांधायचेत. बाग चालली तर चालली. नाही चालली तर मग भांडायचं नाही."

रोन नदीकाठच्या फ्रेंच जाती आमच्या डोंगरांना मानवतात हे आता कुणीही सांगेल. दिवसा भाजून काढणारं ऊन, संध्याकाळी टेंपल्टनच्या खिंडीतून येणारा समुद्राचा गार वारा, खाली चुनखडी. शहाणी माणसं इथे सिरा लावतात, ग्रनाश लावतात. मर्नानं लावली मूरवेद्र. ही जात म्हणजे पंगती उठल्यावर उगवणारा पाहुणा. सगळ्यांची तोडणी उरकून मजूर पुढच्या बागेला गेलेले असतात, आणि ही अजून वेलीवर ऊन खात बसलेली.

"एवढी आळशी जात कशाला?" मी विचारलं होतं.

"मला आयुष्यभर घाईचीच माणसं भेटली, ऑटिस. एकदा सावकाशीचं कुणीतरी बघू दे."

मी पॅसोच्या पोस्टात अडतीस वर्षं खिडकीवर बसलो. कुणाचं पाकीट कधी उघडलं नाही. उजेडात धरून पाहिलंच नाही असं मात्र म्हणणार नाही. तेव्हा कुणाचं काय चाललंय हे मला कळायचं, आणि जे कळायचं ते मंगळवारी दुपारी चार वाजता शेतकरी मंडळाच्या सभागृहात मी वाटून टाकायचो. तिथे आमची बैठक असायची. चौघंच आम्ही. मी, मर्ना, शाळेतून निवृत्त झालेली फर्न, जिला कुठल्याही वाइनमध्ये स्ट्रॉबेरीचा जॅमच लागायचा, आणि ह्यूगो बास्केस, दुसऱ्याच्या मोठ्या बागेवरचा मुकादम. ह्यूगोच्या थोरलीची मर्ना धर्ममाता, म्हणून तो तिला कोमाद्रे म्हणायचा आणि अहो-जाहो करायचा. ती त्याला "ए ह्यूगो" म्हणायची.

बैठकीची रीत अशी. एकानं बाटल्या जाड तपकिरी कागदी पिशव्यांत घालायच्या, वर नंबर टाकायचे. पिशव्या भरणाऱ्यानं मत द्यायचं नाही. ते काम माझं, कारण मत दिल्यावाचून माझं भागतं. सगळ्यांची मतं नंतर गावभर सांगायला मिळाली की पुरे. मग एकेकानं चव घ्यायची, पिकदाणीत थुंकायचं आणि बोलायचं. आणि बोलताना आधी खोट सांगायची. कौतुक नंतर. हा नियम मर्नाचा. पहिल्याच मंगळवारी आम्ही सगळे "वा, छान, सुरेख" करत होतो, तर तिनं ग्लास टेबलावर ठेवला. "हे काय चर्च आहे? ज्याला नुसतं कौतुक करायचंय त्यानं शेवटी सगळ्यांचे ग्लास धुवायचे." फर्ननं पहिली दोन वर्षं ग्लास धुतले. मग तिला खोट सापडायला लागली.

आता त्या आगीच्या वर्षाकडे येतो.

मर्नाच्या बागेला त्या वर्षी पहिल्यांदा धड पीक आलं होतं. घड असे की ह्यूगोसुद्धा बांधावर उभा राहून गप्प झाला. सप्टेंबरात उत्तरेचे डोंगर पेटले. आग आमच्यापासून कितीतरी लांब होती, पण धूर आला आणि बारा दिवस आमच्या टेकड्यांवर बसला. सूर्य भरदुपारी तांब्याच्या पैशासारखा दिसायचा. आमच्याकडची पांढरी व्हियोन्ये आणि ग्रनाश तोपर्यंत पिंपात गेल्या होत्या, सिराही बहुतेकांची आत होती. वेलीवर होती ती फक्त मूरवेद्र. म्हणजे मर्ना.

प्रयोगशाळेत नमुन्यांची इतकी गर्दी की उत्तर यायला दीड महिना. द्राक्षं दीड महिना थांबत नाहीत. मग तिनं जुनाच उपाय केला. एक बादलीभर घड आधी तोडले, घरातच आंबवले, आणि आठवड्यानं आम्हाला बोलावलं. "खरं सांगा. धूर लागतोय का?" आम्ही चौघांनी पुन्हा पुन्हा चाखलं. नव्हता लागत. देवाशपथ नव्हता. तिच्याही जिभेला नाही लागला, तर आमची काय कथा. तिनं तोडणी केली.

धुराची लबाडी आता आमच्याकडच्या लहान पोरालाही माहीत झाली आहे. तो द्राक्षाच्या साखरेला चिकटून बसतो. बादलीत दिसत नाही, पिंपात दिसत नाही. बाटलीत जाऊन निवांत झाला की वर्षभरात एकेक धागा सुटायला लागतो. पण हे सगळं आम्हाला नंतर कळलं.

पुढच्या ऑगस्टात तिनं ती वाइन बाटल्यांत भरली. आम्हा तिघांना एकेक दिली. "वर्षाच्या आत उघडलीत तर खबरदार. मूरवेद्रला झोप लागते. झोपलेलीला उठवायचं नाही." आणि स्वतःही ती उघडायची नाही असं तिनं ठरवलं. त्याला तिचं कारण होतं. वाइनरीच्या मालकांना तिनं रोज रात्री आपलीच वाइन पिताना पाहिलं होतं. आपल्याच तळघरातलं पीत राहिलं की नाक तिथलंच होऊन बसतं, मग त्यातली खोट कधीच दिसत नाही. "नाक घरचं झालं की संपलं," ती म्हणायची. "मी परक्यासारखी चाखेन. विकत घेणारा समोर बसलेला असताना."

त्या वर्षी एप्रिलमध्ये कडाक्याच्या थंडीनं दव गोठलं आणि कोवळे कोंब सगळे करपले. बागेला पीकच नाही. म्हणजे मर्नाकडे होती ती एवढीच, आगीच्या वर्षाची. ड्वेननं आणखी एक वर्ष दिलं. "पुढच्या नाताळपर्यंत दरवर्षी माल घेणारा कुणीतरी दाखव, ताई. तोंडी नको, लिहून. नाहीतर मार्चमध्ये मी वेली उपटायला यंत्र बोलावतो." ड्वेनला वाईट म्हणू नका. त्यानं थांबायचं तेवढं तो थांबला.

मी माझी बाटली बरोबर वर्षानं, माझ्या वाढदिवसाला उघडली. पहिला घोट घेतला आणि खुश झालो. मग गिळला. मग दहा-बारा मोजेपर्यंत वेळ गेला असेल, आणि जिभेच्या मुळाशी राख आली. मी पाणी प्यायलो, पाव खाल्ला, पुन्हा चाखलं. पुन्हा तेच. बाटली सिंकमध्ये ओतली आणि रिकामी बाटली कचऱ्यात खाली दडवली, जणू कुणी येऊन शोधणार होतं.

दुसऱ्या दिवशी मर्नाचा फोन. "उघडलीस?"

"उघडली."

"मग?"

"छान आहे."

"छान म्हणजे काय?"

"छान म्हणजे छान. काय बाई आहेस, वाढदिवसाच्या शुभेच्छा तरी दे आधी."

ती हसली. आणि तिनं पुढे विचारलं नाही. बुचाचा वास दहा पावलांवरून ओळखणारी बाई, शाळेतल्या बाईला दोन वर्षं ग्लास धुवायला लावणारी, तिनं "छान म्हणजे छान" ऐकून फोन ठेवला. तिला तेच ऐकायचं होतं आणि मी तेच सांगितलं. गावातल्या एकूण एक माणसाला मी त्याच्या तोंडावर चिडवलं आहे, पाद्र्याच्या टोपालासुद्धा सोडलं नाही, आणि ज्या एका ठिकाणी टोचायला हवं होतं तिथे माझी जीभ लोणी झाली.

ह्यूगो मला पेट्रोल पंपावर भेटला. दोघंही गाडीत पेट्रोल भरत उभे.

"तुम्ही कोमाद्रेची उघडली?" त्यानं पंपाच्या आकड्यांकडे बघत विचारलं.

"उघडली. तू?"

"उघडली."

"काय सांगितलंस तिला?"

"म्हटलं, कोमाद्रे, तोंड भरतं."

"आणि फर्ननं?"

"स्ट्रॉबेरी."

आम्ही हसलो. खरं सांगतो, हसलो.

आता पुढचं नीट ऐका, कारण सगळं इथे आहे. सप्टेंबरात तिच्या बागेला पुन्हा भरघोस पीक आलं. ना धूर, ना दव. पण तिच्या शेडमध्ये एका वेळी एकाच वर्षाची वाइन मावायची, आणि तिथे आगीच्या वर्षाची खोकी छतापर्यंत रचलेली. पहिली वाइन चांगली आहे असं आम्ही तिघांनी सांगितलं होतं. मग तिनं हिशेब केला तो सरळच होता: हिच्यावर गिऱ्हाईक मिळवायचं, ही हलली की शेड मोकळी, पुढच्या वर्षापासून दरसाल आपली वाइन. त्या वर्षीचे घड तिनं लोडाय गावातल्या एका मोठ्या वाइन कारखान्याच्या ट्रकमध्ये घातले. तिथे ते कुणाकुणाच्या द्राक्षांबरोबर एका टाकीत गेले. ट्रक वळणावरून जाईपर्यंत ती बांधावर उभी होती, असं ह्यूगो सांगतो.

नोव्हेंबरात गिऱ्हाईक आलं. मिस ॲडेल क्वॉक, सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंडच्या अकरा हॉटेलांसाठी वाइन निवडणाऱ्या. चाळिशीच्या, बारीक, हातात छोटी वही. अकरा हॉटेलांना दरवर्षी लागेल एवढी मूरवेद्र त्या शोधत होत्या, लिहून द्यायला तयार होत्या. मर्नानंच त्यांना मंगळवारी बैठकीला बोलावलं. आदल्या दिवशी माझ्या घरी येऊन बाटली देऊन गेली.

"पाच बाटल्या कर. माझी कितवी ते मला सांगू नकोस. आणि चिठ्ठीवरचं वर्ष झाकून टाक, पिशवी गळ्यापर्यंत बांध. आगीचं वर्ष दिसलं की लोकांना नसलेला धूरही लागतो."

"मर्ना," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही. उद्या थंडी आहे म्हणतात. स्वेटर घाल."

"तू माझी आई आहेस का?" म्हणाली आणि गेली.

मी काय केलं ते सांगतो. तिची बाटली मी चार नंबरला ठेवली, आणि तिच्या आधी, तीन नंबरला, एक दांडगी काळी सिरा, जिच्यानंतर जिभेला फारसं काही कळत नाही. वाटलं, मिस क्वॉकची जीभ तिथेच थकेल. काहींच्या तोंडाला तर धूर मुळातच लागत नाही, तेही आम्हाला ठाऊक होतं. बाकी आम्ही तिघं होतोच.

सभागृहाच्या मागच्या अंगणात कुणीतरी लाल ओकच्या निखाऱ्यांवर गोमांस भाजत होतं. आमच्याकडे त्याशिवाय पाहुणचार होत नाही. मर्नानं खिडक्या लावून घेतल्या. "धूर तिकडेच राहू दे." आपल्याच विनोदावर ती हसली. निळा स्वेटर घातला होता तिनं, आणि ओठांना रंग. रंग पाहून मला धडकी भरली. चाखायला बसताना तिनं कधी ओठ रंगवले नव्हते. मग तिनं तो रुमालानं पुसून टाकला. "सवय नाही. वास येतो," मिस क्वॉकना म्हणाली.

एक नंबर झाला. दोन नंबर ह्यूगोच्या मालकाची, ग्रनाश आणि मूरवेद्र मिसळलेली. ह्यूगोनं तिला आंबट म्हटलं. आपल्याच मालकाची होती ते त्याला कळलं नाही, आणि ती गोष्ट मी अजून त्याच्या मालकाला सांगितलेली नाही, जपून ठेवली आहे. मर्नानं दोन नंबर तोंडात घेतली आणि बराच वेळ तशीच बसली.

"खोट अशी," ती म्हणाली, "की लाजाळू आहे. पहिल्या ग्लासाला बोलत नाही. पण..." आणि थांबली, ग्लास उजेडाला धरला. "पण हिला घाई नाही."

ती तिला आपली वाटली होती. फर्ननं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचे चुरे गोळा करायला लागलो.

तीन नंबर आला आणि गेला. मग चार.

ह्यूगोनं घोट घेतला, थुंकला. "थोडी जड आहे. पण चांगली. तोंड भरतं."

"स्ट्रॉबेरी," फर्न म्हणाली.

"खोट, फर्न, आधी खोट."

"मला नाही काही सापडलं."

"ग्लास धुणार आहेस तू आज." मर्नानं आपला ग्लास फिरवला, नाक आत घातलं, घोट घेतला. गिळला. तिची ती पद्धत, चारांतल्या एका घोटाला ती गिळायची, शेवट बघायला. तिचे डोळे बारीक झाले. मग तिनं माझ्याकडे वळून पाहिलं.

"ऑटिस, ही कुठून उचललीस? कुणीतरी सिगारेटची राखदाणी धुवून ते पाणी बाटलीत भरलंय. ह्यूगो, तुला हे लागलं नाही? रानात जन्म गेला तुझा! आणि फर्न, स्ट्रॉबेरी कुठली, जळकं सरपण आहे हे."

"पुढची घेऊ या," मी म्हणालो. "पाच नंबर..."

"थांब की, म्हाताऱ्या. पाहुण्या बाईंचं ऐकू दे."

मिस क्वॉक वहीत बघत होत्या. जरा संकोचून म्हणाल्या, "मला खरं तर चौथी सगळ्यात आवडली. मला राख वगैरे काही लागली नाही."

ह्यूगोनं सुस्कारा सोडला तो मला ऐकू आला. मीही सोडला असेन. आणि मर्ना खुर्ची ओढून मिस क्वॉकच्या शेजारी जाऊन बसली, काउंटरमागे उभी राहून एकतीस वर्षं जसं समजावत आली तशा मायेनं.

"आता बघा. छोटा घोट घ्या. थुंकू नका, गिळा. काही पिऊ नका वरून. मनात दहा आकडे मोजा. आता जीभ टाळूला लावा, मागे, पार मागे. लाळ सुटली की येतं ते."

"अंहं."

"आणखी एकदा. घाई करू नका."

"मर्ना, सोड ना," फर्न म्हणाली.

"का सोडू? बाई अकरा हॉटेलांना वाइन देतात. उद्या कुणी ही त्यांच्या गळ्यात मारली तर?"

तिसऱ्या घोटाला मिस क्वॉकच्या कपाळाला आठी पडली. "हां. आहे. अगदी शेवटी. विझवलेल्या शेकोटीसारखं."

"शाब्बास!" मर्ना म्हणाली. "आता जन्मात विसरणार नाही तुम्ही."

मिस क्वॉकनी वहीतल्या चार आकड्यावर काट मारली.

पाच नंबर कसा झाला मला आठवत नाही. पिशव्या काढायचं कामही माझंच. एक काढली, दोन काढली. दोन नंबरच्या बाटलीवरची चिठ्ठी दिसली तेव्हा मर्नाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, फक्त त्याच्या मागून कुणीतरी निघून गेलं होतं. मग ती तिसऱ्या पिशवीची वाट न बघता उठली आणि चौथी पिशवी तिनं स्वतः ओढून काढली.

आपल्याच हातानं चिकटवलेली चिठ्ठी. ती तिनं अंगठ्यानं एकदा सारखी केली.

मिस क्वॉक भल्या बाई. उठून म्हणाल्या, "मिसेस टोनिनी, मला आधी लागलंही नव्हतं. थोडी खोकी मी घेऊ शकते."

"घेऊ नका," मर्ना म्हणाली. "तुम्हाला नाही लागलं, पण तुमच्या टेबलावर बसणाऱ्या पुष्कळांना लागेल. मग ते तुमचं नाव घेतील. या वर्षीची असती तर दाखवली असती. ती गेली लोडायच्या टाकीत."

मिस क्वॉकनी वही पर्समध्ये टाकली, सगळ्यांचा हात हातात घेतला आणि त्या गेल्या. दार लागलं. मर्ना आमच्याकडे वळली. आमच्या चेहऱ्यांवरून तिनं काय वाचलं कोण जाणे, पण नाक तिचं तिखट होतंच.

"तुम्हाला लागलं होतं," ती म्हणाली. "तुमच्या बाटल्यांत."

फर्न रिकामे ग्लास गोळा करायला लागली.

"ह्यूगो?"

"कोमाद्रे, तुमचं मन..."

"केव्हा उघडलीस?"

"ऑगस्ट संपताना."

"ऑटिस?"

"ऑगस्टच्या सोळा तारखेला," मी म्हणालो.

"मी या वर्षीची तोडणी केली सप्टेंबरच्या बावीसला." ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी काहीतरी उलट बोललो असतो, मला ते जमतं. "सदतीस दिवस होते माझ्याकडे. शेड रिकामी करायला एक दिवस लागतो. सगळं गटारात ओतलं असतं आणि नवं भरलं असतं. पिंपातलं दाखवलं असतं बाईंना, कच्चं. कच्च्यावरून त्यांना कळतं."

"तुला वाईट वाटेल म्हणून गं," फर्न रडत म्हणाली.

"मला वाईट वाटलंच असतं ना. त्यात नवीन काय होतं?" मर्नानं स्वेटरची बटणं लावली. "तेवढ्यासाठीच तर तुम्ही होता."

ती गेल्यावर आम्ही तिघांनी ग्लास धुतले. फर्न विसळत होती, ह्यूगो पुसत होता, मी उपडे घालत होतो. त्या संध्याकाळी मी गावात कुणाला काही सांगितलं नाही. तरी सकाळपर्यंत सगळ्यांना कळलं होतं, ते कसं ते मला आजवर समजलेलं नाही.

मंगळवार चालू राहिले, मर्नावाचून. तीन मंगळवार. कुणी खोट सांगायला तोंड उघडलं की आवाज बसायचा, आणि कौतुक तर त्याहून जड. चौथ्या मंगळवारी मी पिशव्या भरल्याच नाहीत. तिच्याकडे दोनदा गेलो. एकदा ती घरी नव्हती, एकदा होती आणि दार उघडलं नाही. नाताळ आला आणि गेला. गावातल्या दोघातिघांनी तिला ओळखीच्या गिऱ्हाइकांची नावं सुचवली, तिनं फोनही केले असं ड्वेन सांगतो. पण दाखवायला हातात बाटली लागते, आणि होती ती अशी.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात यंत्र आलं. मी गेलो तेव्हा मर्ना यंत्राच्या पुढच्या ओळींत एकटीच वेलींच्या आधाराच्या तारा सोडवत होती. तारा पुन्हा वापरता येतात, ड्वेनला कुंपणाला हव्या होत्या.

"काय रे, बातमी हवीय?"

"हातमोजे आणलेत."

"मग घाल."

तासभर आम्ही तारा गुंडाळल्या. मी दोन-तीनदा काहीतरी विनोद करायचा प्रयत्न केला, तो मलाच ऐकवेना. वरच्या अंगाला यंत्र गुरगुरत होतं. मग ती तार हातात धरून थांबली.

"तुझी ती बाटली. काय लागलं होतं?"

"जाऊ दे गं आता."

"काय लागलं?"

मग मी सांगितलं. आधी काळी तुती, पिकून फुटायला आलेली. मग नवीन चामड्याचा वास, तो मूरवेद्रला असायलाच हवा. मग टेकडीवरचं रानझुडूप, पाऊस पडून गेल्यावर हातात चुरडावं तसं. "सुंदर होती, मर्ना. गिळेपर्यंत इतकी सुंदर मी आमच्या इथली प्यायलो नव्हतो. गिळल्यावर दहा-बारा मोजेपर्यंत काही नाही. मग जिभेच्या मुळाशी पाणी ओतलेली शेकोटी. आणि ती जाईना. पाव खाल्ला तरी जाईना."

तिनं ऐकून घेतलं. मान हलवली, बरोबर उत्तर देणाऱ्या पोराला बघून हलवतात तशी.

"म्हणजे येत होतं तुला सांगता," ती म्हणाली.

मी तारेचं दुसरं टोक उचललं.

"तार ताणून धर, पीळ पडतोय."

यंत्र वळून आमच्या ओळीला आलं तसे आम्ही बाजूला झालो. सात वर्षांच्या वेली होत्या. उपटायला त्याला फारसा जोर लागला नाही.